दरडीचा नकाशा आणि आपली वाडी

(पावसाळ्याआधी वाडी-वाडीच्या बैठकांत आम्ही जे बोललो ते इथं लिहून काढलं आहे. बोलताना मागंपुढं झालं होतं, ते थोडं सरळ केलंय. नकाशा रंगीत आहे आणि आपल्या सायक्लोस्टाइलवर रंग येत नाही, म्हणून तो इथं छापलेला नाही. बैठकीला आणतो, तिथं बघा.)



आज आम्ही दाव्यांबद्दल बोलायला उभे नाही. म्हणजे शेवटी दाव्यावरच येणार, कारण आपलं सगळं तिथंच येऊन अडतं. पण सुरुवात या कागदापासून करू. मागं बसलेल्यांना दिसत नसेल तर पुढं या. यात तीन रंग आहेत. हिरवा, पिवळा, लाल. जिथं लाल आहे तिथं डोंगर खाली येण्याची शक्यता जास्त, पिवळ्यात मध्यम, हिरव्यात कमी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणून सरकारचं एक खातं आहे, त्यांनी 2014 पासून सगळ्या देशातल्या डोंगराळ भागाचे असे नकाशे करायला घेतले. ते भूकोश नावाच्या सरकारी संकेतस्थळावर आहेत, कोणालाही बघता येतात. आम्ही तालुक्याच्या बाजारात एका पोराच्या दुकानात बसून ते काढले.

त्याच्या आधी आम्ही एका कचेरीत गेलो होतो. कोणत्या ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच आहेत. तिथं साहेब म्हणाले, तुम्हाला नकाशा कशाला पाहिजे? खाली या असं सांगितलं की खाली यायचं. आम्ही गप्प बसलो. पण बाहेर आल्यावर आमच्यातलीच एक म्हणाली, डोंगर आपला, घर आपलं, मरणारे आपण, आणि कागद तेवढा त्यांचा?

तर हा कागद आपण वाचायला शिकायचं, एवढंच आजचं काम.

पहिल्यांदा आठवण करू. 30 जुलै 2014, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. महादेव कोळ्यांचं गाव. सकाळी डोंगर आला आणि 151 माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं कसं, तर एस.टी.चा ड्रायव्हर नेहमीसारखा गाडी घेऊन गेला आणि त्याला गावच दिसेना. मग 22 जुलै 2021, महाडचं तळिये, ऐंशीच्या वर माणसं. त्याच दिवसांत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला होता. मग 19 जुलै 2023 ची रात्र, खालापूरची इर्शाळवाडी. आपल्या ठाकरांची वाडी. 27 माणसं सापडली, 57 सापडलीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. वर जायला रस्ता नव्हता म्हणून जेसीबी चढला नाही, लोकांनी फावड्या-कुदळींनी माती उकरली. काही पोरं आश्रमशाळेत होती म्हणून राहिली. यातल्या काही घरांशी इथं बसलेल्या माणसांच्या सोयरिकी आहेत, जास्त बोलत नाही.

पण एक गोष्ट बोललीच पाहिजे. इर्शाळवाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती. हे विरोधकांनी केलेलं भाषण नाही, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. म्हणून आम्ही म्हणतो, यादी म्हणजे देवाचा कौल नाही. यादीत नाव नाही म्हणून झोपून राहायचं नाही.

आता नकाशा कसा करतात ते ऐका. डोंगराचा उतार किती, खडक कोणता, त्यावर माती किती जाड, ओहोळ कुठून जातात, झाड आहे की शेत की उघडी जमीन, रस्त्यासाठी उतार कापलाय का, आणि आधी कुठं कुठं दरड पडली होती, हे सगळं एकावर एक ठेवतात. प्रत्येकाला वजन देतात. ज्या जागी सगळ्यांची बेरीज जास्त होते ती लाल. यात जादू नाही. आपली म्हातारी माणसं घर बांधायला जागा बघताना हेच बघत होती, फक्त रंग देत नव्हती.

याच्यातली मोठी गोष्ट म्हणजे माप. हा नकाशा पन्नास हजारांत एक या मापाचा आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवरचा पाचशे मीटर. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. आता आपली वाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर मीटर धरा. कागदावर ती दोन मिलिमीटर होते. नाचणीच्या दाण्याएवढी. त्या दाण्यात चाळीस घरं, देव, शाळा, विहीर सगळं आलं. त्यात कोणाचं घर घळीच्या तोंडाशी आहे आणि कोणाचं सोंडेवर, हे तो नकाशा सांगू शकत नाही. त्याचा तो कामच नाही. तो डोंगर दाखवतो, घर दाखवत नाही. घर आपण दाखवायचं.

दुसरी गोष्ट, तो कुठं ते सांगतो, कधी ते सांगत नाही. कधी ते पाऊस सांगतो. खाली काळा कातळ, वर माती आणि मुरूम. पाऊस मुरत जातो, कातळापाशी अडतो, तिथं पाणी साठतं. माती जड होते आणि खालून तिची पकड सुटते. एक दिवस जोराचा पडला आणि ऊन पडलं तर बहुतेक निभतं. पण तीन-चार दिवस धरून लागला आणि त्यावर एक रात्र ओतला, की मग कठीण. इर्शाळवाडीला आधीच्या तीन दिवसांत साधारण पाचशे मिलिमीटर पडला होता, असं सरकारने सांगितलं.

हवामान बदल, हवामान बदल म्हणतात, त्याचा आपल्याशी संबंध इथं आहे. हवा जेवढी तापते तेवढी ती जास्त पाणी धरते, एका अंशाला सुमारे सात टक्के जास्त. मग सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याला उष्णदेशीय हवामानाची मोठी संस्था आहे. तिथल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात एकाच वेळी लांबवर कोसळणाऱ्या अतिवृष्ट्या तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस वाढला असं ते म्हणत नाहीत. तुम्हीही तेच सांगता की, आवणीला पाऊस नाही आणि पडतो तेव्हा बांध घेऊन जातो. फक्त तुमचं कोणी लिहून घेत नाही.

याचा नकाशाशी संबंध असा, की नकाशा कालच्या डोंगरावरून केलाय आणि पाऊस उद्याचा पडणार आहे. जो उतार शंभर वर्षं कालच्या पावसाला टिकला तो उद्याच्या पावसाला टिकेलच असं नाही. म्हणून पिवळ्यालाही निम्मा लाल समजा.

आता आमच्या वाडीत काय झालं ते सांगतो. नकाशा आणला आणि ओट्यावर पसरला. पहिल्यांदा सगळे नुसते बघत राहिले. मग एक आजी पुढं आल्या, त्यांना अक्षर येत नाही. त्यांनी विचारलं, ओहोळ कोणता? आम्ही दाखवला. मग त्यांनी बोट वर वर नेलं आणि एका जागी थांबवलं. म्हणाल्या, इथं माझ्या सासूच्या वेळेला डोंगर फुटला होता. गुरं गेली, माणूस नाही गेलं. म्हणून तिथं कोणी घर बांधत नव्हतं. कागदावर त्या जागी पिवळा रंग होता.

असं का? नकाशावाल्यांना जुन्या दरडी कशावरून कळतात, तर उपग्रहाच्या फोटोवरून, रस्त्यावर पडलेल्यांवरून, कागदोपत्री नोंद असलेल्यांवरून. साठ वर्षांपूर्वी रानात पडलेली दरड, जिच्यावर आता झाडं आलीत आणि जिच्यात माणूस मेलं नाही, तिची नोंद कोण करणार? ती आजींकडेच आहे. आणि मग बोलता बोलता बाकीच्यांनाही आठवायला लागलं. एका टेपाचं नाव आपण पोरांनी कधी विचारलंच नव्हतं की असं का. त्या नावातच फुटलेला कडा आहे.

मग आम्ही काय केलं, आपला दाव्याचा नकाशा काढला. सामूहिक दाव्यासाठी जीपीएस घेऊन हद्द फिरलो होतो, ते आठवतंय ना? पायाला फोड आले होते आणि तुम्ही शिव्या घालत होता. तो नकाशा मोठ्या मापाचा आहे, त्यात घर, दळी, झरा, देवाचं रान सगळं आहे. त्याच्यावर लाल-पिवळा उतरवला. मग त्यावर आजींची जागा, बाकीच्यांच्या जागा, नव्या भेगा, वाकडी झालेली झाडं, पावसात गढूळ होणारा झरा, फार्महाऊसवाल्याने खालून कापलेला उतार, हे सगळं काळ्या पेनाने मांडलं. दोन दिवस लागले. त्यातून कळलं की वाडीची अकरा घरं घळीच्या अगदी खाली आहेत. सरकारच्या नकाशावर ती अकरा आणि बाकीची सगळी एकाच रंगात होती.

त्या अकरात आमच्यातल्या दोघांचं घर आहे.

इथून पुढं भांडण सुरू झालं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एक काका उठले आणि म्हणाले, तुम्ही पोरं आमच्या नरड्यावर सुरी ठेवताय. आज तुम्ही हा कागद काढला, उद्या फॉरेस्टवाला हाच कागद दाखवून म्हणेल की तुमची वाडी लाल आहे, उठा. दळी धोक्यात आहे, सोडा. दावा कशाला पाहिजे, तुम्हालाच तर डोंगराची भीती वाटते. काकांचं म्हणणं आम्हाला आजही खोटं वाटत नाही. आपल्याला उठवायला आजवर किती कारणं सांगितली गेली. धरण, अभयारण्य, जंगल वाचवायचंय. आता आपला जीव वाचवायचाय हे एक नवीन.

पण काकांना आम्ही जे उत्तर दिलं ते सगळ्यांना सांगतो. कागद आपण नाही काढला तरी तो आहे. कचेरीत कधीही कोणीही काढू शकतं. मग तो आपल्याला माहीत असलेला बरा की नसलेला? आणि कायदा काय म्हणतो तो बघा. वनहक्क कायदा 2006, कलम 3(1)(क), राहण्यासाठी किंवा स्वतः कसण्यासाठी वनजमीन धारण करण्याचा हक्क. राहण्यासाठी किंवा कसण्यासाठी. दोन्ही वेगळे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून दळी कसत असाल तर घर शंभर पावलं खाली गेलं म्हणून दळीचा हक्क जात नाही. हिरडा, मध, मोहाचा हक्क जात नाही, चराईचा जात नाही, सामूहिक वनाचा जात नाही. आणि कलम 4(5) सांगतं की दाव्यांची ओळख आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. घर हलवायचं की नाही हे वाडी ठरवेल. हलवलं तर आधी लेखी पाहिजे की वरची जमीन, वरचं रान, वरचा देव आमचाच राहील. तोंडी नको. तोंडी आश्वासनांवर आपल्या तीन पिढ्या गेल्या.

आणि जिथं हलवायचं ती जागाही याच नकाशावर तपासायची. माळीणच्या लोकांना आमडे गावात नवीन गाव बांधून दिलं, 2017 च्या एप्रिलमध्ये ताब्यात दिलं. पहिल्याच पावसात तिथं रस्ते खचले, भेगा पडल्या. दरडीतून वाचलेल्या माणसांनी परत तीच माती सरकताना बघायची, ही काय गोष्ट झाली? उतार कापून सपाट केलेली जागा दिसायला चांगली दिसते. भराव किती आहे आणि पाणी कुठून जाणार ते विचारा.

जागेची खरी अडचण आपल्याला माहीत आहे. खाली जमीन कोणाची? मालकाची, नाहीतर फॉरेस्टची. आपल्या कित्येक वाड्यांना गावठाण नाही, महसुली कागदावर नाव नाही. यादी करणारा महसुली गावाचं नाव लिहितो आणि त्या गावाच्या वर डोंगरात तीन वाड्या आहेत हे त्याच्या कागदात येतच नाही. 2020 मध्ये राज्यपालांनी वनहक्क कायद्यात राज्यापुरता बदल करून अनुसूचित क्षेत्रात घरांसाठी वनजमीन मिळण्याची वाट काढली. आंबेगाव-जुन्नरच्या अनुसूचित गावांना, अकोल्याला, पालघरला ती वापरता येईल, तिथल्या साथींनी त्याचा पाठपुरावा करावा. पण रायगडच्या वाड्या अनुसूचित क्षेत्रात नाहीत. तोच डोंगर, तीच माती, तोच ठाकर, पण तालुक्याची शीव ओलांडली की कायदा वेगळा. हा लढा वेगळा आहे, त्याच्यावर पुढच्या अंकात लिहू.

तोपर्यंत काय? एक वाट कलम 3(2) मध्ये आहे. शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता, समाजमंदिर अशा तेरा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत या अटीवर. घर त्या तेरात नाही. पण समाजमंदिर आहे. मग ते समाजमंदिर कुठं बांधायचं हे आपण ठरवू या. आजवर कसं होतं, निधी येतो, ठेकेदाराला ट्रॅक्टर जाईल तिथं तो बांधतो. त्यापेक्षा सोंडेवरच्या किंवा खालच्या, घळीपासून लांब अशा हिरव्या जागेत बांधायला लावू. मोठा ओटा, पत्रा, संडास, आणि बाजूला गुरांसाठी मांडव. आमच्या वाडीच्या ग्रामसभेने हा ठराव केलाय.

गुरांसाठी मांडव का, हे विचारू नका. कारण तुम्हाला माहीत आहे. अधिकारी येतात आणि म्हणतात, लोक ऐकत नाहीत, सांगूनही खाली येत नाहीत. माणूस येईल हो, शेळी कुठं ठेवायची? कोंबड्या? बियाणं? चार रात्री शाळेच्या वर्गात झोपायचं आणि परत आल्यावर बिबट्याने शेळ्या नेलेल्या. मग पुढच्या वेळी कोण येतं?

आता कधी खाली यायचं. मोबाइलवर लाल इशारा येतो तो सगळ्या जिल्ह्याचा असतो. जिल्ह्याच्या खाडीकाठी ऊन आणि आपल्या डोंगरावर धो धो, असं कितीदा होतं. प्रत्येक पावसाळ्यात पाच-सहा वेळा लाल येतो, मग माणूस त्याला कंटाळतो. म्हणून पाऊस आपणच मोजायचा. खालपासून वरपर्यंत सारख्या रुंदीचा, सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा घ्या. उघड्यावर, झाडापासून आणि पागोळीपासून लांब, कलणार नाही असा ठेवा. सकाळी साडेआठला आत पट्टी घाला. जेवढं पाणी उभं तेवढा पाऊस. दहा सेंटीमीटर म्हणजे शंभर मिलिमीटर. लिहा आणि डबा रिकामा करा. बस. हवामान खातं 115 च्या वर गेलं की अति जोरदार म्हणतं आणि 204 च्या वर अत्यंत जोरदार.

हसू नका. केरळात वायनाड जिल्ह्यात एका संस्थेने अशाच प्रकारे ठिकठिकाणी दोनशेच्या आसपास पर्जन्यमापक बसवले आणि स्थानिक माणसं ते वाचतात. 30 जुलै 2024 ला, बरोबर माळीणच्या तारखेला, तिथं मुंडक्कई आणि चूरलमला भागात डोंगर आला आणि 200 हून जास्त माणसं गेली. त्या संस्थेने आदल्या दिवशी पावसाचे आकडे बघून प्रशासनाला धोका कळवला होता. नकाशाही होता, आकडेही होते. तरी माणसं गेली. म्हणजे आकडा कळल्यावर कोण उठणार, कोण कोणाचं दार वाजवणार, हे आधी ठरलेलं नसेल तर डब्याचा उपयोग नाही.

आमच्या वाडीत ठरलंय ते असं. तीन दिवसांची बेरीज तीनशेला पोचली की अकरा घरं संध्याकाळी, उजेड असताना, खाली येतील. रात्रीची वाट बघायची नाही. तीनशे हा आकडा कुठल्या शास्त्रात नाही, आम्ही तो भीतीने धरलाय, दोन पावसाळ्यांनी कमी-जास्त करू. बेरीज काहीही असो, भेग नवी दिसली, दार अचानक अडकायला लागलं, झरा बंद झाला किंवा गढूळ सुटला, ओहोळाचं पाणी भर पावसात एकदम कमी झालं, तर लगेच. ओहोळ कमी होणं हे सगळ्यात वाईट, वर कुठंतरी माती आडवी आली असेल. डबा वाचायचं काम दोन मुलींकडे आहे. एकीने आठवीला शाळा सोडली होती, ती आता वहीत असे आकडे लिहिते की तलाठ्यानेही शिकावं. आणि ते काका, जे भांडले होते, त्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसांना उचलून आणायचं काम आहे. ते अजूनही म्हणतात की कागद जाळून टाका. पण डोली त्यांनी बांधून ठेवलीय.

एक राहिलं. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो, 2005 च्या कायद्याने तो करावाच लागतो. त्यात आपल्या वाडीचं नाव आहे का, कोणती निवाऱ्याची जागा लिहिली आहे, हे माहितीच्या अधिकारात मागायचं. अर्जाचा नमुना या अंकाच्या मागच्या पानावर दिलाय. नाव वाडीचं घाला, फक्त महसुली गावाचं नको. अर्जासोबत आपण केलेल्या नकाशाची झेरॉक्स जोडा, मूळ कागद देऊ नका. मूळ कागद गेला की परत येत नाही, हे दाव्यांच्या वेळी शिकलोय.

पुढच्या रविवारी ज्यांना नकाशा करायचाय त्यांनी सामूहिक दाव्याची प्रत, जाड पेन आणि वाडीतलं सगळ्यात म्हातारं माणूस घेऊन यावं. म्हातारं माणूस चालू शकत नसेल तर आम्ही वाडीवर येतो. डबे आम्ही आणतो, वीस जमलेत, बिस्किटाचे आहेत, थोडे गंजलेले आहेत पण गळत नाहीत, पाणी भरून बघितलंय.